सुधाकर करायचाय, पण अंगातला तळीराम जात नाही

घाटपायथा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असतो, यंदा गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमच्या गावात देवळाच्या उत्सवात नाटक होतं. हौशी मंडळी, गावचाच रंगमंच, पडदे भाड्याने. यंदा मास्तरांनी राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' काढलंय, दारूपायी बुडणाऱ्या सुधाकर वकिलाचं आणि त्याच्या बायकोचं, सिंधूचं नाटक. सिंधूची चार-पाच पदं ठेवलीत, बाकी बरीच काटछाट, तरी तीन तास जातीलच. आणि सुधाकर माझ्या गळ्यात पडलाय.

अडचण अशी की याच रंगमंचावर मी पूर्वी तळीराम, म्हणजे सुधाकरला प्यायला लावणारा दारुडा, केलाय आणि तो लोकांना आवडला होता. बाजारात अजून काही जण त्याच नावाने हाक मारतात. आता तालमीत हातात पेला आला की खांदा आपोआप सैल पडतो, एक डोळा अर्धा मिटतो, जीभ गालात जाते. परवा चौथ्या अंकात जिथे शांतता हवी तिथे पेटीवालाही हसला.

दुसरं म्हणजे गडकऱ्यांची भाषा. एकेक वाक्य अर्धं पान. झिंगलेला माणूस असं बोलेल कसा, आणि बोलला तर शेवटच्या रांगेपर्यंत कळेल कसं?

तिसरं, मी स्वतः घेत नाही. मित्र म्हणतात, एकदा घेऊन बघ, मग जमेल. कुणी हा किंवा असा दारुड्याचा रोल केला असेल तर तयारी कशी केली ते सांगा.

खवट_म्हातारा

"एकदा घेऊन बघ" म्हणणारे मित्र म्हणजेच तळीराम. तुमच्या नाटकात तो आधीच आहे, आणखी भरती नको.

कंदील

रुमाल टाकून ठेवतो. वाचणार.

तिसरी_घंटा

मी सुधाकर केलेला नाही, पण हे नाटक दोनदा बसवलंय. तेव्हा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

घाटपायथा, तुम्ही पेल्यापासून सुरुवात करताय, तिथेच तळीराम तुम्हाला गाठतो. पेला बाजूला ठेवा आणि पहिल्या अंकाकडे या. सुधाकर पहिला घोट का घेतो? तहान, चैन, संगत यातलं काहीच नाही. कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, वकिलीची सनद काही महिन्यांसाठी जाते आणि हा माणूस घरी येतो तो पेटलेला. गरिबीतून, नुसत्या बुद्धीच्या जोरावर वर आलेला वकील, त्यात बायको श्रीमंताघरची. अशा माणसाला चार लोकांसमोर खाली बसवलं तर काय होईल? तळीराम तेवढीच फट बघून पेला पुढे करतो. तो सुधाकरचा कारकून आहे हे विसरू नका. साहेबाचं दुखणं कारकुनाला बायकोच्या आधी कळतं.

आता चौथ्या अंकाकडे बघा. दारू सोडलेली आहे, शपथ घेतलेली आहे, नोकरी मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो. तिथे काय मिळतं? पुन्हा अपमान. आणि मग पुन्हा पेला. दोन्ही वेळा दारूच्या आधी अपमान आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सुधाकर हा दारुड्याचा रोल नाही, मानी माणसाचा आहे. सिंधूने माहेरची पैही घ्यायची नाही ही त्याची अट त्याच मानातून येते. तो मान तुम्ही पहिल्या प्रवेशापासून उभा केलात तर दारू नंतर नुसती ओतायची राहते.

तालमीसाठी एक काम करा. कोर्टातला खटका नाटकात दिसत नाही, तो मास्तरांना सांगून खरंच उभा करा. कुणाला तरी मुन्सफ करा, दोघा-तिघांना मागे वकील म्हणून बसवा. तुम्ही बाजू मांडायला लागलात की मुन्सफाने तुम्हाला मध्येच तोडायचं, मागच्यांनी गालात हसायचं. संवाद लिहून घेऊ नका, सुचेल ते बोला. मग तिथून थेट पहिल्या अंकाचा तो प्रवेश घ्या. अंगात काय येतं बघा, आणि त्यात तळीराम शिल्लक राहतो का तेही बघा.

भाषेबद्दल रात्री लिहितो. दुकान उघडायचंय.

मृच्छकटिक

तिसरी_घंटा यांचा प्रतिसाद उत्तम. थोडी शास्त्राची भर घालतो.

नाट्यशास्त्रात भरताने तेहेतीस व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन-जाऊन असणारे भाव, सांगितलेत, त्यात 'मद' म्हणजे नशा आहे. त्याचे तरुण, मध्यम आणि अवकृष्ट असे तीन प्रकार, म्हणजे नशा चढत जाते तशा पायऱ्या. त्याहून कामाचं हे की भरत म्हणतो नशेत सगळे सारखे वागत नाहीत. कुणी गातो, कुणी रडतो, कुणी हसतो, कुणी कठोर बोलतो, कुणी झोपतो. उत्तम प्रकृतीचा माणूस झोपी जातो, मध्यम प्रकृतीचा हसतो आणि गातो, अधम कठोर बोलतो आणि रडतो.

आता तुमची दोन पात्रं यात बसवून बघा. तळीराम उघडच मधला, हसणारा-गाणारा. सुधाकर सुरुवातीला पहिल्या जातीचा आणि नाटकभर खाली घसरत तिसरीत जाणारा. म्हणजे दोघांची नशा मुळात वेगळ्या जातीची आहे. हे एकदा डोक्यात बसलं की खांदा सैल सोडायचा का ताठ, याचा निर्णय आपोआप होतो.

भरताने आणखी एक सांगून ठेवलंय. भय, शोक, अचानक धक्का यांनी मद उतरतो. शेवटी नशेत सुधाकरच्या हातून मूल मरतं, त्यानंतरच्या क्षणाला हे जसंच्या तसं लागू आहे.

पांढराकोट

डॉक्टर आहे, नट नाही. सोसायटीच्या गणपतीत एकदा दारवान केला होता, त्यात बोलायला काही नव्हतं.

वर भरताने जे सांगितलंय ते रंगमंचापुरतं ठीक. प्रत्यक्षात रक्तातली दारू धक्क्याने उतरत नाही, यकृत आपल्या गतीनेच तिला काढतं. माणूस दचकतो, सावध व्हायचा प्रयत्न करतो, पण हातपाय साथ देत नाहीत. मन जागं आणि शरीर मागे, हे मला तरी नुसत्या शुद्धीवर येण्यापेक्षा जास्त भयंकर वाटतं. बघा उपयोग झाला तर.

शरीराचं थोडं सांगतो. दारूचा परिणाम लहान मेंदूवर होतो, तोल आणि हालचालींचा मेळ तो सांभाळतो. तो मेळ गेला की माणूस पाय जरा फाकवून चालतो, म्हणजे पाया रुंद करतो. सिनेमात दाखवतात तसा डावी-उजवीकडे झुलत नाही, उलट सरळ चालायचा फार प्रयत्न करतो. नजर एका जागी खिळवून ठेवतो. वस्तू उचलताना हात थोडा आधी थांबतो किंवा पुढे जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे हौशी नाटकांत मी नेहमी उलटं बघतो. नव्याने पिणारा लवकर झिंगतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याला सवय झालेली असते, तो बरीच पिऊनही वरवर बरा दिसू शकतो. त्याचे हात थरथरतात ते प्यायल्यावर नव्हे, दारू न मिळाल्यावर. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, छातीत धडधड, चिडचिड सुरू होते आणि पुन्हा घेतली की थांबते. म्हणजे पहिल्या अंकात घशाला जाळ, ठसका, डोळ्यांत पाणी. शेवटच्या अंकांत पेला तोंडाला लागेपर्यंत हात कापतोय आणि घोट गेल्यावर स्थिर. हा एवढा बदल केलात तर शेवटी कुणी हसणार नाही, पैज.

आणि मित्रांचं ऐकून "घेऊन बघू" नका. एका रात्रीची झिंग म्हणजे व्यसन नव्हे, त्यातून सुधाकरबद्दल तुम्हाला काहीही कळणार नाही.

घाटपायथा

डॉक्टर, हे सोन्यासारखं आहे. मी बरोब्बर उलटं करत होतो. पहिल्या अंकात एकदम गटकन आणि शेवटी लटपट.

मृच्छकटिक, मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भरताला तालमीला बोलव."

विंगेतून_बघणारी

एक शंका. २०१९ मध्ये या नाटकाला शंभर वर्षं झाली. आज हे नाटक करायचंच का? नवऱ्याने मारलं, मूल मारलं, तरी पोलिसापुढे बायको "मी पडले" सांगते. आम्ही मुलींना काय दाखवायचं यातून? नटाची तयारी वगैरे ठीक, पण आधी हा प्रश्न.

खवट_म्हातारा

ताई, फौजदारापुढे "मी पडले" सांगणाऱ्या बायका शंभर वर्षांनी संपल्या असत्या तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं.

ओवी

हो, आणि तरीही विंगेतून_बघणारी यांचा प्रश्न चुकीचा नाही. मी सिंधू केलीय, गोव्यात, देवळातल्याच उत्सवात. तिचं ते खोटं बोलणं मला पटत नव्हतं. मग मी ते 'पतिव्रतेचं' म्हणून बोलणं सोडलं. जिचं मूल गेलंय, जी स्वतः मरायला टेकलीय, तिच्या हातात नवऱ्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलंय. मी ते फौजदाराला सांगायचे आणि बघायचे सुधाकरकडे. त्याला ती नजर झेलवत नसे. प्रेक्षकांना दया येते की चीड, ते त्यांचं त्यांनी बघावं.

घाटपायथा, तुमच्यासाठी सिंधूच्या बाजूने दोन गोष्टी. तुम्ही सगळी तयारी एकट्याची करताय. सुधाकर सिंधूवर उभा राहतो. ती 'घास घे रे तान्ह्या बाळा' म्हणत दळत असते तेव्हा तुम्ही आत नारळपाणी पीत बसू नका. विंगेत उभे राहून ते रोज ऐका. आपल्यामुळे ती दळतेय हे तुमच्या पात्राला माहीत असणं आणि तुमच्या कानाला माहीत असणं यात फरक आहे.

आणि सुधाकर मारतो ती काठी. आमच्या सुधाकरने एका तालमीत भरात येऊन खरंच फिरवली होती, माझ्या मनगटाला लागली. त्यानंतर आम्ही तो प्रसंग मोजून बसवला. काठी कुठून उचलायची, कितव्या शब्दाला, मी कोणत्या बाजूला वळणार, काठी जमिनीवर कुठे आदळणार, बाळाचं गाठोडं कोणत्या हाताकडून कोणत्या हाताकडे. दिवसाउजेडी, हळू, संवाद न म्हणता, कंटाळा येईपर्यंत. तुमचं पात्र नशेत असू दे, तुमचा हात नशेत नको. हलकी वेताची काठी घ्या, घरातल्या आजोबांची शिसवी काठी नको.

विंगेतून_बघणारी

ओवी, पटलं. पूर्ण नाही, पण सिंधूला तुम्ही जसं बघता ते पटलं.

निनावी_७१

इथे नेहमीच्या नावाने लिहीत नाहीये, समजून घ्या.

माझे वडील प्यायचे. सगळे चालण्याबोलण्याबद्दल लिहितायत म्हणून मला आठवतं ते सांगते. ते कधी पडले नाहीत, कधी बरळले नाहीत. प्यायले की ते फार व्यवस्थित व्हायचे. दारात चपला काढून जोडीने सरळ लावायचे, दोनदा सरळ करायचे. आईशी एरवी अगं-तुगं, पण त्या वेळी "अहो, जरा पाणी देता का". त्या 'अहो'ने आम्ही भावंडं उठून आतल्या खोलीत जायचो. कारण त्यानंतर काय होणार हे त्या एका शब्दाने कळायचं.

सकाळी मात्र चहाची बशी वाजायची हातात. डॉक्टरांनी लिहिलंय ते वाचून आत्ता कळलं का वाजायची.

तुम्ही हे वापरलंत तरी चालेल.

तिसरी_घंटा

निनावी_७१, तुम्ही लिहिलंत, खूप झालं. यापुढे माझं तंत्राचं बोलणं जरा कोरडं वाटेल, पण सांगितलं होतं म्हणून लिहितो.

गडकऱ्यांचं वाक्य. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि गडकरी तर तुम्हाला उपमांच्या तीन जिन्यांवरून फिरवून मग क्रियापदाशी नेतात. दारुड्याचा अभिनय करणारा नट नेमका वाक्याचा शेवट गिळतो, म्हणजे अर्थच गिळतो. म्हणून आधी संपूर्ण भूमिका शुद्धीत पाठ करा. एकही शब्द न झिंगता, वकिलाने बाजू मांडावी तशी. पेन्सिलने श्वासाच्या जागी खुणा करा. श्वास स्वल्पविरामावर घेऊ नका, जिथे विचार वळतो तिथे घ्या. क्रियापदापर्यंत हवा उरली पाहिजे.

हे पक्कं झालं की मग झिंग वरून चढवायची आणि तीसुद्धा कंजूसपणे. एका मोठ्या वाक्यात दोन शब्द बिघडले तरी प्रेक्षकाला पुरतं. 'स', 'श', 'र' असलेले कमी महत्त्वाचे शब्द निवडा आणि तेवढेच जड करा. नाव, नातं, क्रियापद यांना हात लावू नका. झिंगलेला माणूस शब्दावर शब्द नीट ठेवायला जातो, तो नीटपणा दाखवा. निनावी_७१ यांनी सांगितलेली चपलांची जोडी आहे ना, तेच जिभेने करायचं.

मित्र रामलालपुढे व्यसनाच्या पायऱ्या सांगणारं जे लांब भाषण आहे ते बहुतेक जण रडत म्हणतात. माझ्या मते तिथे सुधाकर नाटकातला सगळ्यात शुद्धीवरचा माणूस आहे. वकिली बुद्धी शाबूत आहे आणि ती स्वतःचाच खटला चालवतेय. ते थंड म्हणा. रडायचं काम रामलालला करू द्या.

कंदील

एक अवांतर. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारीत बडोद्याला केला. म्हणजे लेखकाने सुधाकर रंगमंचावर बघितलाच नाही. पदंही वि. सी. गुर्जरांची. त्यात सुधाकर केला गणपतराव बोडसांनी आणि सिंधू बालगंधर्वांनी. बोडसांचं आत्मचरित्र 'माझी भूमिका' मिळालं तर वाचा, जुना नट भूमिकेकडे कसा बघतो ते त्यातून कळतं.

खवट_म्हातारा

वाचा जरूर, पण प्रयोग झाल्यावर. आधी वाचलंत तर तळीराम जाऊन बोडस अंगात येतील. एक भूत काढून दुसरं कशाला?

पेटीवरचा_उंदीर

व्यवहाराचं कुणीच बोलेना म्हणून मी. पेल्यात काय घालणार? सोड्याचं पेय अजिबात नको, ऐन भाषणात ढेकर येतो, डोळ्यांनी पाहिलंय. दूध न घातलेला चहा गाळून, पूर्ण थंड करून. साखर नको, घशात चिकटते. आणि काचेचा पेला असेल तर फुटल्यावर अनवाणी सिंधू त्यावरून चालणार आहे हे लक्षात ठेवा. धातूचा पेला काढा, आत किती उरलंय तेही दिसत नाही.

पदांच्या वेळी तुम्ही रंगमंचावर असाल तर झिंगलेला माणूस म्हणून ताल धरू नका, प्लीज. आमच्याकडच्या सुधाकरने सिंधूच्या पदावर मान डोलवून वन्समोअर मिळवला होता. पद संपल्यावर सिंधूने त्याच्याशी बोलणं टाकलं, नाटकाबाहेर.

पांढराकोट

रंगभूषेसाठी एक. नुसते लाल डोळे आणि विस्कटलेले केस करू नका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं खाणं सुटतं, तो वाळतो. गाल बसलेले, कपडे मापाला मोठे झालेले. शेवटच्या अंकात तोच सदरा एक माप मोठा घातलात तरी भागेल.

मुक्कामपोस्ट

व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन निरीक्षण करावं का, असा विचार कुणाच्या मनात येईल म्हणून लिहितो. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, अशी केंद्रं आता इतर ठिकाणीही आहेत. पण तिथली माणसं बरी व्हायला आलेली असतात, आपल्या तालमीसाठी नव्हे. जायचं असेल तर आधी विचारा, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगा, आणि नाही म्हणाले तर परत या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या काही सभा खुल्या असतात, तिथे बाहेरच्या माणसाला बसता येतं. बंद सभा फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. खुल्या सभेतही वही-पेन, मोबाइल काढायचा नाही आणि ऐकलेलं कुणाचं आयुष्य गावात नाव घेऊन सांगायचं नाही.

मी स्वतः अशा सभांना जातो. का, ते सांगत नाही. तिथे लोक आपल्या सगळ्यात वाईट दिवसाबद्दल बोलताना बऱ्याचदा हसतात. गावच्या प्रेक्षकांसारखं नव्हे, वेगळं. सुधाकरला तसं एकदा तरी हसू द्या.

घाटपायथा

सगळ्यांचे आभार. तालमीचा वृत्तांत देतो.

कोर्टाचा प्रसंग उभा केला. मुन्सफ म्हणून मास्तरांनी बँकेतल्या आमच्या एका मित्राला बसवलं, त्याने कर्जदाराला बोलतात त्या आवाजात मला असा काही तोडला की मी खरोखर तापलो. मागचे हसले. तिथून थेट प्रवेश घेतला. तळीराम करणारा माझा पुतण्या पेला घेऊन आला तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं की हा माझ्याकडे वरून बघतोय. इतकी वर्षं मी त्या पेल्याच्या पलीकडल्या बाजूला होतो, तिथून हे दिसलं नव्हतं. खांदा ताठच राहिला.

निनावी_७१, तुमची चपलांची जोडी घेतली. दुसऱ्या अंकात घरात येतो तेव्हा जोडे काढून सरळ लावतो, आणि सिंधूला पाणी मागतो. 'अहो' मात्र घेतला नाही, गडकऱ्यांच्या संहितेत बसेना, आणि तो तुमच्याच घराचा राहू दे असं वाटलं.

भाषा अजून जड जातेय. शुद्धीत पाठ करायचं सुरू आहे, घरी बायको म्हणते हल्ली भाजी मागतानाही तू बाजू मांडतोस. विंगेत उभा राहून पद ऐकतो, पेटीवाल्याला अडचण होते, पण उभा राहतो. शेवटच्या अंकात डॉक्टरांचं बरोबर की भरताचं, यावर मास्तर आणि आमच्यात वाद चालू आहे. मास्तर म्हणतात नशा झटक्यात उतरव, लांबच्या माणसाला कळलं पाहिजे. मला मन जागं, हात मागे असं करून बघायचंय. मुलाकडे हात जातोय आणि पोचत नाही.

मृच्छकटिक

करा की! भरत सांगतो नशा उतरते, हात लगेच पोचला पाहिजे असं कुठे म्हणतो?

पांढराकोट

वा, शास्त्रीबुवांनी पक्ष बदलला.

ओवी

घाटपायथा, हात पोचत नाही हे कराल तेव्हा गाठोडं सिंधूच्या कुठल्या बाजूला आहे ते तिच्याशी आधी ठरवा. ती प्रेक्षकांकडे पाठ करून बसली असेल तर तुमचा हात कुणालाच दिसणार नाही. तिला तिरकं बसू दे.

टोरांटोची_मैना

इतक्या लांबून येणं नाही जमणार. कुणी चित्रीकरण करणार असेल तर बघायला मिळेल का?

घाटपायथा

ओवीताई, तिरकं बसवतो, आजच सांगतो.

मैना, मास्तरांना विचारलं. म्हणाले, पदं रेकॉर्ड करा हवी तर, पण मोबाइल धरून पुढच्या रांगेत कुणी उभा राहिला तर मी पडदा पाडीन. तेव्हा मागच्या आंब्याखालून जेवढं येईल तेवढं. नाटक उत्सवाच्या तिसऱ्या रात्री, पालखी देवळात आली की. वेळ सांगत नाही, पालखी कधी येते ते पालखीलाच माहीत. जवळपासचे असाल तर या, खुर्ची मात्र आपली आपण आणा.